जुन्या झेनमध्ये पखवाजाची धूम ऐकू यावी म्हणून : तारीखवार नोंदी

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

गाडी २००२ ची मारुती झेन, एमएच १३ म्हणजे सोलापूरची, अप्पांनी शोरूममधून नवी घेतलेली. पासिंग परत करून २०२७ पर्यंत आहे, इंजिन अजून एका सेल्फमध्ये उठतं, त्यामुळं विकायचा विषयच नाही. पण आतला आवाज इतका वाईट झालाय की पंढरपूरला जाताना अप्पा स्वतःच हात पुढं करून टेप बंद करतात. अप्पा ४० वर्षं भजनी मंडळात पखवाज वाजवत आलेत, त्यांना मोठा आवाज नको असतो, त्यांचं म्हणणं एकच, "धूम कुठाय रे? नुसती शाईच वाजतीय."

पखवाजाच्या डाव्या तोंडाला भिजवलेली कणीक थापतात ती धूम, खर्जाचा आवाज तिथून येतो, आणि उजवीकडं शाई. आमच्या गाडीत शाईची टणटण येती पण धुमेच्या जागी दाराचा पत्रा भुरभुरतो. तर ह्या वर्षी आषाढीच्या आधी हे काम करायचं, दुकानात गाडी सोडून न येता घरी स्वतः करायचं, आणि पास-नापास अप्पा ठरवणार.

सध्या आहे ते असं: १२-१३ वर्षं जुनं पेनड्राइव्हवालं डेक, पुढच्या दारात पत्रा कापून बसवलेले साडेसहा इंची कोएक्सियल स्पीकर (छोटा-मोठा एकातच), मागच्या ट्रेवर दोन ओव्हल. वेगळा ॲम्प (ॲम्प्लिफायर) नाही, खर्जाचा वूफर नाही. डिकी मोकळीच ठेवायची आहे कारण पखवाज, टाळांची पेटी, सतरंजी सगळं तिथंच जातं.

९ फेब्रुवारी

डेक बाहेर ओढलं. मागं हात घातला तर वायरींचा गुंता, पिळे मारून काळी टेप गुंडाळलेली, आणि ती टेप इतक्या वर्षांच्या उन्हानं वितळून सगळी चिकट झालेली, बोटं रॉकेलनं धुवावी लागली. कुठलाच कपलर (वायरी जोडायचा प्लग) शिल्लक नाही, आधी ज्यानं कुणी डेक बसवलं त्यानं कंपनीचं सॉकेट सरळ कापून टाकलंय. बाकी काही करा पण हे करू नका, चारशे रुपयांचा कपलर आणला की कापायची गरजच पडत नाही.

आणि एक कोडं सुटलं. ही गाडी ३-४ दिवस उभी राहिली की बॅटरी बसायची, दोन बॅटऱ्या बदलल्या तरी तेच. डेकला दोन प्लस लागतात, पिवळी म्हणजे कायम करंट, घड्याळ आणि सेटिंग लक्षात राहण्यासाठी, आणि लाल म्हणजे चावी फिरवल्यावरच येणारा. इथं लाल आणि पिवळी दोन्ही एकत्र पिळून कायमच्या करंटला जोडलेल्या. म्हणजे चावी काढून घरात गेलो तरी डेकच्या हिशोबानं गाडी चालूच. मल्टिमीटर १० अँपिअरच्या भोकात लावून बॅटरीच्या मायनसमध्ये सिरीजमध्ये धरला, चावी बंद, दारं बंद, तर ०.३८ अँपिअर. बॅटरी ३५ एएच ची, म्हणजे ३५ अँपिअर-तास. भागाकार केला की ९२ तास, आणि सेल्फ मारण्याइतका दम त्याच्या लई आधी संपतो. डेक सुटं केल्यावर तेच मीटर ०.०२ वर आलं. दोन बॅटऱ्यांचे पैसे ह्या एका पिळ्यात गेले, आज खरंच जीव हळहळला.

१६ फेब्रुवारी

सामान आणलं. नवी पेठेतून सोल्डर वायर, हीटश्रिंक नळी (गरम केली की जोडावर आवळते ती), थिंबल (वायरच्या टोकाची कडी) आणि एक बरा क्रिंपिंग प्लायर. डेक पायोनियरचं सिंगल डिन, ब्लूटूथवालं. झेनमध्ये सिंगल डिनचीच खाच आहे, १८२ बाय ५३ मिमी, मोठी स्क्रीन बसवायची तर डॅश कापावा लागतो आणि ते मला करायचं नाही. डेक घेताना स्क्रीन न बघता मागं प्री-आउट (बाहेरचा ॲम्प जोडायची सॉकेटं) किती आणि आत टाइम अलाइनमेंट (जवळच्या स्पीकरला थोडं थांबवायची सोय) आहे का हे बघितलं.

दुकानात एकजण बॉक्सवरचं "५० वॉट गुणिले ४" दाखवून म्हणाला ॲम्पची गरजच काय. तिथं बोललो नाही पण इथं हिशोब मांडतो, म्हणजे पुढं कुणाला उपयोगी पडेल. गाडी चालू असताना बॅटरीवर साधारण १४.४ व्होल्ट. डेकच्या आतला ॲम्प तेवढ्यावरच चालतो, त्यामुळं लाटेचं टोक १४.४ च्या वर जाऊच शकत नाही, त्याचं आरएमएस (वॉटच्या हिशोबाला धरायचा आकडा, टोक भागिले १.४१) १०.२ व्होल्ट, त्याचा वर्ग भागिले ४ ओहम, म्हणजे २६ वॉट. हे पण कागदावरचं, आतली घट काढली की १८ ते २० हातात येतात. ५० हा आकडा आवाज पार फाटल्यावरचा. तरी पण १८ वॉट काय थोडे नाहीत, माझा अंदाज असा की आपली अडचण वॉटची नाहीच.

२३ फेब्रुवारी

नवं डेक बसलं. एकेक जोड सोल्डर करून वर हीटश्रिंक, आणि मधे आयएसओ कपलर (पिनांचे नंबर ठरलेला) टाकला, म्हणजे उद्या डेक काढायचं झालं तर दोन प्लग ओढले की झालं. चार नंबरच्या पिनला पिवळी, सातला लाल, आठला काळी. पांढरी डावा पुढचा, राखाडी उजवा पुढचा, हिरवी डावा मागचा, जांभळी उजवा मागचा, आणि त्याच रंगावर काळी रेघ असली की मायनस.

सकाळी सोलापूर आकाशवाणी लावली, निवेदकाचा आवाज स्वच्छ. मग अप्पांना बसवून अभंग लावला. मिनिटभर ऐकलं आणि म्हणाले "गाणारा जवळ आला. वाजवणारा अजून बाहेरच उभाय." हे वाक्य तसंच लिहून ठेवतोय.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

सुट्टी. पहाटे सिद्धेश्वरला जाऊन आलो, रांग मोठी होती, येऊन साबुदाण्याची खिचडी खाल्ली आणि जाळी काढून स्पीकर तपासायला बसलो.

जुनी युक्ती आहे, भिंतीवरच्या घड्याळाचा दीड व्होल्टचा सेल घ्यायचा, स्पीकरच्या वायरी डेकपासून सुट्या करून सेलला क्षणभर टेकवायच्या. प्लसला प्लस असेल तर कागद बाहेर येतो, उलटं असेल तर आत जातो. उजव्या दारावर बोट अलगद ठेवून बायकोला सेल टेकवायला सांगितला, टप् करून बोटाला धक्का लागला, बाहेर. डाव्या दारावर बोट ठेवलं तर बोटाखालून कागद निसटल्यासारखा झाला, आत. तीनदा करून बघितलं, तेच.

म्हणजे इतकी वर्षं एक स्पीकर हवा ढकलत होता तेव्हा दुसरा ओढत होता. वरचे सूर त्यातून कसेतरी निभावतात पण खर्जाच्या लाटा लांबच लांब असतात, त्या एकमेकींना खाऊन टाकतात. आणि पखवाजाची धूम तर सगळी खर्जातच, फोनवरच्या ॲपमध्ये बघितलं तर डोंगर सगळा १०० हर्ट्झच्या खाली दिसतो. वायर उलटी केली, एक पैसा न लागता गाडीतला खर्ज निम्मा तरी परत आला. आणि आता खर्ज आला म्हणून दारं पहिल्यापेक्षा जास्त भुरभुरायला लागली.

९ मार्च

डावं दार उघडलं. झेनमध्ये काच फिरवायचं हँडल असतं, त्याच्या मागं सी आकाराची बारीक लॉक क्लिप, स्क्रू नसतोच, त्यामुळं नवीन माणूस हँडल ओढून तोडतो. जुनं सुती फडकं हँडल आणि दाराच्या आतल्या पॅडच्या फटीत घालायचं आणि करवतीसारखं इकडून तिकडं ओढायचं, क्लिप टक्कन उडते. उडते म्हणजे खरंच उडते, फरशीवर जुनी चादर पसरून ठेवा. सोलापुरात जुन्या चादरीला काय तोटा.

पॅड काढल्यावर दिसलं की आतला प्लॅस्टिकचा कागद फाडून टाकलेला आणि मोठमोठी भोकं उघडी. बाहेरच्या पत्र्यावर बोटानं टकटक केलं तर रिकाम्या डब्यासारखा आवाज, टंगऽ, आणि तो रेंगाळतो. म्हणजे स्पीकर डब्याच्या झाकणावर बसवलाय आणि त्या झाकणाला पण भोकं. स्पीकरच्या पुढची हवा आणि मागची हवा त्या भोकांतून एकमेकींना भेटतात आणि खर्ज तिथंच मरतो. माझं आता पक्कं मत झालंय, दार हीच स्पीकरची पेटी आहे. घरी लाकडी पेटी करताना आपण फट ठेवत नाही, मग इथं का चालवून घ्यायचं.

डॅम्पिंगच्या शीटमध्ये दोन प्रकार, डांबराची स्वस्त आणि ब्युटाइल रबराची, वर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा असलेली, दुपटीपेक्षा महाग. पैसे घालायच्या आधी बघायचं ठरवलं. दोन्हींचा पोस्टकार्डाएवढा तुकडा गच्चीवर काळ्या पत्र्याला चिकटवून पत्रा भिंतीला उभा टेकवलाय, दुपारी पत्र्याला हात लाववत नाही तिथं.

१२ मार्च

डांबराचा तुकडा तीन दुपारीत बोटभर खाली घसरला, खालच्या कडेला थेंब धरलाय आणि रस्त्याचं काम चालू असल्यासारखा वास. ब्युटाइलचा होता तिथंच. सोलापूरच्या उन्हात दाराच्या पत्र्याला चिकटवायचं तर ब्युटाइलच, ह्यात तडजोड नको. मे महिन्यात तो डांबराचा वास गाडीत अप्पांना सोसणार नाही.

१६ मार्च

अख्खा दिवस फक्त डावं दार. स्पिरिटनं आतून पुसलं, २२ वर्षांची धूळ निघाली. बाहेरच्या पत्र्यावर आतून शीट लावली, सगळा पत्रा मढवायची गरज नसते, मधला मोठा सपाट भाग धरला की झालं, पण रोलर जोर लावून फिरवायचा, ॲल्युमिनियमवरचे उंचवटे सपाट होईपर्यंत, नाहीतर हवा राहते आणि शीट सुटते. पत्र्याच्या कडेनं हात कापले, हातमोजे घाला. मग आतल्या पत्र्याची मोठी भोकं शीटनं बुजवली, काचेची पट्टी, लॉकची कांडी अडकत नाही ना हे दहा वेळा काच वरखाली करून बघितलं.

दाराच्या तळाची पाणी निघायची भोकं उघडी ठेवली. हे विसरलं तर पहिल्या पावसात दारात पाणी साठणार आणि पत्रा सडणार.

स्पीकरखाली १२ मिमी मरीन प्लायची रिंग कापून घेतली, ओळखीच्या सुतारमामांनी करवतीनं गोल काढून दिली, वर दोन हात ऑइलपेंट. एमडीएफ (लाकडाच्या लगद्याची फळी) नको, पाणी लागलं की फुगतं. काच पूर्ण खाली घेतल्यावर स्पीकरचं चुंबक आणि काच यात १४ मिमी राहतात, पुरे.

आणि आता मुद्दा. उजवं दार मुद्दाम हात न लावता ठेवलं. स्पीकर तेच जुने, डेक तेच, फक्त बॅलन्स पूर्ण डावीकडं आणि मग पूर्ण उजवीकडं. पत्र्यावर टकटक केली तर उजवीकडं टंगऽ आणि डावीकडं ठप, लाकडावर मारल्यासारखं. अभंग लावला. डावीकडं धूम वाजली. "धुं" म्हणून उठली आणि थांबली, थांबल्याचं पण ऐकू आलं, पुढची थाप वेगळी कळली. उजवीकडं तीच थाप भुर्रऽ होऊन एकमेकीत मिसळत होती. अंगावर काटा आला खरंच. अप्पा आत जप करत होते, त्यांना बोलावलं नाही, दोन्ही दारं झाल्यावर.

२३ मार्च

उजवं दार झालं. हात बसलाय आता, पाच तासांत आटोपलं. पॅडच्या सहा क्लिपा तुटल्या, भंगारातल्या गाडीच्या मिळाल्या, दहा रुपयाला एक.

३० मार्च, पाडवा

गाडीला हार, साखरेची गाठी, बाकी काम नाही.

६ एप्रिल

दोन चॅनलचा ॲम्प आणि कॉम्पोनंट स्पीकर (वरच्या सुरांचा छोटा ट्वीटर वेगळा असलेले) आले. ॲम्प ६० वॉट आरएमएस प्रत्येकी. सीटखाली बसतो. खरं म्हणजे दारं झाल्यावर ॲम्प नसता तरी चाललं असतं, पण हायवेला टायरचा आवाज एवढा असतो की १८ वॉट पुरत नाहीत, आवाज वाढवला की थाप फाटते. त्या थापेसाठी जोर राखून हवा, तेवढ्यासाठी ॲम्प.

हिशोब: १२० वॉट बाहेर, ॲम्पची क्षमता ६० टक्के धरली तर २०० वॉट आत, भागिले १३.८, साधारण साडेचौदा अँपिअर. फ्यूज २० चा आणि वायर ८ गेज. पहिल्यांदा आणलेली ८ गेज परत केली, वरून जाडजूड पण रबर सोललं तर आत तार बारीक, आणि ब्लेडनं खरडली की तांबडी जाऊन पांढरी, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. मग बॅटरीच्या दुकानातून अस्सल तांब्याची मापून घेतली, तीन मीटर लागली.

फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर. लोक ॲम्पजवळ लावतात, त्याचा उपयोग नाही, कारण वायर मधेच कुठं पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर बॅटरीपासून फ्यूजपर्यंतची सगळी वायर पेटणार. बॉनेटमधून आत येताना भोकाला रबरी बूच घातलंच पाहिजे. प्लसची वायर उजव्या उंबऱ्याखालून नेली आणि आरसीए (डेकमधून ॲम्पकडं आवाज नेणारी वायर) डाव्या बाजूनं.

मागचे ओव्हल सुटे केले. बायको म्हणाली मागं बसणाऱ्यांनी काय ऐकायचं. गाडी एवढीशी, पुढचं मागं नीट ऐकू येतं, आणि भजन ऐकताना मंडळी समोर बसलेली असतात, पाठीमागून कुणी गात नाही.

१३ एप्रिल

गाडी चालू केली की कुंऽऽ. रेस दिली की सूर चढतो, सोडली की उतरतो. अल्टरनेटरचा आवाज स्पीकरमधून येतोय. आख्खी सकाळ आरसीए इकडून तिकडं हलवण्यात गेली, काही फरक नाही.

शेवटी चौकातल्या वायरमन चाचांना फोन केला, ते म्हणाले "बेटा, अर्थ बघ अर्थ, वायरी नंतर बघ." मल्टिमीटरचं एक टोक ॲम्पच्या मायनसला, दुसरं लांब वायर जोडून बॅटरीच्या मायनसला, गाडी चालू, गाणं चालू. शून्याच्या जवळ पाहिजे, दिसले ०.४२ व्होल्ट. मी अर्थ सीटच्या बोल्टला धरला होता आणि बोल्टखाली कंपनीचा रंग तसाच. रंग म्हणजे अडथळाच की. बोल्ट काढून पॉलिशपेपरनं रुपयाएवढी जागा घासली, पत्रा चांदीसारखा चकाकेपर्यंत, थिंबल दाबून बसवली, वरून ग्रीस म्हणजे गंज नको. परत मोजलं, ०.०३. कुंऽ गेला. चाचांना परत फोन करून सांगितलं, त्यांना पण बरं वाटलं.

१ मे

सुट्टीचा दिवस सेटिंगला दिला. गेन (ॲम्पवरची आवाज किती वाढवायचा ती घुंडी) कानानं लावत नाहीत. स्पीकर सुटे करून, फिल्टर बंद ठेवून, डेकवर पूर्ण पातळीचा १०० हर्ट्झचा टोन लावला, आवाज पाऊण, मल्टिमीटर एसी व्होल्टवर. ६० वॉट गुणिले ४ ओहम, २४०, त्याचं वर्गमूळ साडेपंधरा. गेन फिरवत १५.५ आले तिथं थांबलो. त्याच्या पुढं आवाज वाढत नाही, नुसता फाटतो आणि ट्वीटर जळतात.

खालचा फिल्टर, म्हणजे लावलेल्या आकड्याखालचे सूर अडवणारा, बहुतेक लोक ८० हर्ट्झवर लावतात. ८० ला धूम पातळ झाली. ५० ला दारं दमायला लागली. ६३ वर ठेवला.

टाइम अलाइनमेंट म्हणजे जवळच्या स्पीकरला थोडं थांबवायचं, म्हणजे दोन्हींचा आवाज कानात एकदम पोचतो. आवाज एका मिलिसेकंदात ३४ सेंटीमीटर जातो. सगळे ड्रायव्हरच्या सीटसाठी लावतात. मी टेप घेऊन डावीकडच्या सीटवर बसलो, अप्पांच्या, त्यांच्या डोक्याच्या उंचीला. डावा स्पीकर ८६ सेंटीमीटर, उजवा १३७. फरक ५१, म्हणजे डाव्याला दीड मिलिसेकंद उशीर. लावल्यावर गाणारा डॅशच्या मधोमध आला. माझ्या सीटवरून सगळं उजवीकडं कलल्यासारखं वाटतं, चालेल, मी गाडी चालवतो.

११ मे

अप्पांना घेऊन पंढरपूर. पहाटे निघालो, काचा बंद, आवाज मध्यम. दोन अभंग काहीच बोलले नाहीत. तिसऱ्याला बघतो तर डावा हात मांडीवर चालू झालेला, धुमेच्या प्रत्येक थापेला पंजा पडतोय, नेमका, पुढं ना मागं. मग म्हणाले, "कणीक ताजी लावलीय ह्यानं. ओली आहे अजून."

मी गाडी बाजूला घेतली आणि ते कडवं परत लावलं. धुमेची कणीक ओली का सुकलेली हे त्यांना आता गाडीत ऐकू येतंय.

परत येताना मोहोळच्या अलीकडं अप्पांनी डोळे मिटून मान डावीकडं वळवली, "इथं काहीतरी थरथरतंय, धूम झाली की." ग्लोव्हबॉक्सचं झाकण. मला ऐकू आलं नव्हतं.

२७ मे

ह्या वर्षी मेमध्येच पाऊस आला, कालपासून जोरात. सकाळी पहिलं काम दारं. डावं दार उघडून खाली वाकून बघितलं तर तळाच्या दोन भोकांतून बारीक धार चालू, म्हणजे पाणी साठत नाही. पॅड काढून आत हात घातला, प्लायची रिंग कोरडी, शीटच्या कडा कुठं उचललेल्या नाहीत, चुंबकावर दोन थेंब होते ते पुसले आणि स्पीकरच्या वर प्लॅस्टिकच्या डब्याचं अर्ध झाकण छपरासारखं चिकटवलं. उजव्या दाराचं एक भोक शीटच्या तुकड्यानं अर्धं झाकलं गेलं होतं, तो तुकडा माझ्याच हातून पडलेला, काढला, भसकन पाव तांब्या पाणी आलं.

ग्लोव्हबॉक्सला लावायची फेल्टची पट्टी आणलीय, पाऊस उघडला की लावतो.